खाऱ्या विहिरीचं गाऱ्हाणं

वाडीतल्या माणसांनो, आणि माझ्यासारखे वाडी सोडून गेलेल्यांनो,

नोकरीसाठी पुण्याला निघाले त्या सकाळी बाबांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, माझा चेडू परमुलखाक चलला हा. तेका निरोगी ठेय रे म्हाराजा!" जमलेले सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मी रडत होते आणि एसटी चुकेल म्हणून घाबरतही होते.

पुण्याचं पाणी मला अळणी लागलं. खोटं कशाला सांगू, पहिला महिनाभर तांब्यात चिमूटभर मीठ टाकून प्यायले! आमची विहीर खाडीला लागून. शिमगा झाला की तिचं पाणी खारं व्हायचं, आणि आम्हाला पाण्याची चवच ती वाटायची.

तिशीत माझं बीपी वाढलं. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला आहे?" म्हटलं, "अख्ख्या वाडीला." विहिरीचं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. वर्षानुवर्षं असं पाणी पोटात गेलं तर प्रेशर वाढतं, म्हणाले. त्यात आमचा दवाखाना खाडीपलीकडे, मोजणार कोण? तोवर बाबा गेले होते. पन्नाशीत त्यांचं अर्धं अंग लुळं पडलं, तेव्हा वाडीच्या राखणदाराचा, देवचाराचा फटका समजून आम्ही कोंबडा दिला होता. आठवलं की अजून संताप होतो, पण देवचारावर नाही.

आई पुण्याला यायला तयार नाही. तिच्याही गोळ्या सुरू आहेत. म्हणते, "मी एकटी पुण्याक इलंय तर हयल्या पोरांनी काय ह्याच पाणी पिवचा?" किनाऱ्यावरच्या हॉटेलांना नळ मिळाला. आमचा पाइप खाडीच्या पलीकडेच येऊन थांबला.

म्हणून गेल्या ग्रामसभेला रजा काढून गेले. गाऱ्हाणं बाप्यांनी घालायचं असतं, ठाऊक आहे मला. तरी सरपंचांच्या टेबलावर नारळ ठेवला आणि उभी राहिले, "बा सरपंचा म्हाराजा, जो नळ हॉटेलात गेलो, तो आमच्या वाडीत येवंदे! आमच्या पोरांच्या नशिबी ह्यो गोळ्यो नको रे म्हाराजा!"

मग मागून आईचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!" आणि पाठोपाठ सगळी वाडी ओरडली.

नळ अजून आलेला नाही. "तू आता पुण्याची, तुका कित्याक व्हयो नळ?" असं एकाने मला तोंडावर विचारलं. अरे, वाडी माझ्या रक्तात आहे, रोज सकाळी गोळी घेऊन तिला आवरते मी! जिथल्या पाण्यासाठी भांडावंसं वाटतं, तेच माझं घर. पुढच्या सभेला पुन्हा नारळ ठेवणार आहे. बाहेर गेलेल्यांनो, तुम्हीही या. नुसतं "व्हय म्हाराजा" म्हणायला तरी या.