नाव नसलेली पेटी

नसरीनबाजींचं नाव आधी लिहितो. बाजी म्हणजे ताई. केजला तहसीलसमोर त्यांचं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. मी परगावचा, चंद्रपूरकडचा. आठवीत शाळा सुटलेला. मामासोबत बांबूच्या कामाला इकडं आलो, मामा परत गेला, मी राहिलो. बाजींनी मला दुकानात बसायला स्टूल दिलं. फोनमधल्या एआयशी बोलून काम कसं करून घ्यायचं ते शिकवलं. आणि एकदाही विचारलं नाही, की तू कोणातला.

आता झालं ते सांगतो.

मंगल कार्यालयाचा हॉल. स्टेजवर मागच्या लग्नाची सजावट तशीच. नवरानवरी बसतात त्या सोफ्यावर पुण्याचे सल्लागार साहेब. शेजारी कार्यालयाचे मालक भाऊसाहेब आणि त्यांचा इंजिनियर पुतण्या. एआयच्या मदतीनं तुमच्या धंद्याला जुळणारा गुंतवणूकदार शोधून देऊ, असं बॅनर. साहेब लॅपटॉपवर प्रॉम्प्ट लिहायचे, म्हणजे मशीनला काय शोधायचं ते सांगायचे. उत्तर मागच्या पडद्यावर यायचं.

मी पेटी घेऊन गेलो होतो. बांबूची. पिकायला आलेलं सीताफळ जीपमध्ये दबतं, बाजारात पोचेपर्यंत त्याचा चिखल होतो. माझ्या पेटीत बांबूच्या सालीच्या झोळ्या टांगलेल्या. पेटीला गचका बसतो, फळ नुसतं झुलतं. पेट्या भाड्यानं द्यायच्या, माल उतरला की परत आणायच्या. बाजींच्या अब्बांचा फळांचा व्यापार. त्यांच्या मालावर वापरून बघितलेली. पण माझ्या दोन हातांनी किती पेट्या होणार? म्हणून गुंतवणूकदार पाहिजे होता.

साहेबांनी पेटीकडं बघितलं नाही. "आडनाव?"

सांगितलं.

"हे कोणात येतं?"

जात सांगताना माणूस उभ्या जागी बुटका होतो, ते मला त्या दिवशी कळलं असं नाही. लहानपणापासून माहीत होतं. "बुरूड," म्हणालो. मग शाळा, इंग्रजी, गाव, तेही विचारून घेतलं.

साहेब "अच्छा, अच्छा" म्हणत टाइप करायला लागले. सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत. पडद्यावर एकेक अक्षर माझ्या डोक्याएवढं. संस्थापक आठवी नापास. परंपरेनं टोपल्या विणणारा. इंग्रजी येत नाही. परगावचा. याला कोणता गुंतवणूकदार जुळेल?

मशीननं लिहिलं, असा गुंतवणूकदार मिळणं अवघड आहे. हस्तकलेच्या कर्जासाठी प्रयत्न करावा.

साहेब हसले. "बघ, मी नाही म्हणत. मशीन म्हणतंय."

मागून कोणीतरी बोललं, "सुपं ईक की. कंपनी कामून काढाया लागलास?" खुर्च्या हसल्या. मीही हसलो. भीतीनं. भाऊसाहेबांचा पुतण्या तेवढ्यात पेटी उलटीपालटी करून फोटो काढत होता. मला वाटलं, एकाला तरी आवडली. झोळी कशी टांगायची ते त्याला दाखवलं. वर आभार मानले.

दुकानात आलो तर बाजी कोणाचा तरी उत्पन्नाचा दाखला भरत होत्या. मशीन काय म्हणालं, ते त्यांनी विचारलंच नाही. "त्यानं मशीनला विचारलं काय, ते सांग."

पडद्यावरचा शब्द न् शब्द सांगितला. बाजींचा हात कीबोर्डवर थांबला.

"अरे, यात पेटी कुठं हाय?"

पेटी नव्हतीच. फळ नव्हतं, झोळी नव्हती, भाडं नव्हतं. फक्त मी होतो. तोही खोटा. मी नापास झालो नव्हतो, शाळा सुटली होती. सोयरिकीला स्थळ काढणारा माणूस पोराचं कामधाम लपवून नुसती खोट सांगत फिरला, तर कोण पोरगी देईल? आणि वर म्हणायचं, नशीबच तसं. मशीन काही म्हणालं नव्हतं. साहेबांनी स्वतःचंच बोलणं त्याच्या तोंडून वदवून घेतलं होतं. आमच्या लोकांना आजवर असं किती तोंडांनी नाही म्हटलं असेल, आणि आम्ही ते खरं मानलं असेल.

आम्ही नवा प्रॉम्प्ट केला. मी फोनला बोललो, बाजींनी नीट केलं. पेटी काय करते, भाडं कोण देतं, पेटी कुठं मोडते, तेसुद्धा. फळांच्या वाहतुकीत, इतक्या कच्च्या धंद्यात पैसा घालणारे कोण, आणि ते आम्हाला नाही म्हणतील तर कशासाठी. ठाऊक नसेल तर नाव बनवून सांगू नको, असंही लिहिलं. तरी एक नाव बनावट निघालं, बाजींनी शोधून खोडलं. बाकीच्यांना ईमेल गेले. माझं आडनाव घालायचं नाही, हे मीच म्हणालो. शाळाही नको, गावही नको. नुसत्या पेटीला बोलू दे.

एका गुंतवणूकदार बाईंचं उत्तर आलं. हीच पेटी आमच्याकडं दुसऱ्या एकानंही पाठवली आहे. सोबत त्याचं नाव, पदवी, फोटो आहे. तुमच्या ईमेलमध्ये नाव नाही. तुम्ही कोण?

तुम्ही कोण. पुन्हा तोच प्रश्न.

भाऊसाहेबांचा पुतण्या. माझी झोळी, माझा गाठ मारायचा हात, आणि संस्थापक तो. नाव लपवून मी सुटलो नव्हतो. नाव काढून पेटी रस्त्यावर ठेवली होती, उचलेल त्याची.

बाईंनी त्यालाही विचारलं असणार. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांची पांढरी गाडी दुकानासमोर लागली. पुतण्या उतरला. आवाज गोड. कागद पुढं केला, मी त्याच्याकडं पगारी कारागीर आहे आणि पेटी त्याच्या सांगण्यावरून बनवली, असा. "सही कर. पगार लई चांगला देतो. तुला तरी कोण ईचारणार हाय?"

मी हात मागं घेतला.

"नाही करत."

त्यानं रस्त्याकडं बघितलं. "तू परगावचा हायस. एकटाच ऱ्हातोस न्हवं?" एवढंच बोलला. गेला.

तेव्हापासून गाडी येते. कोणी उतरत नाही. काचा वर असतात. एका सकाळी बाजींच्या दुकानाचं ताडपत्रीचं छप्पर फाडलेलं होतं. मी म्हणालो, मी निघून जातो, माझ्यापायी तुम्हाला नको. बाजी सुई-दोरा घेऊन स्टुलावर चढल्या. "तू जाशील. मी इथलीच हाय, मी कुठं जाऊ? ताडपत्री धर."

मी ताडपत्री धरली.

त्याच दिवशी गुंतवणूकदार बाईंना उत्तर केलं. पहिल्या ओळीत नाव. मग आडनाव. जात. शाळा आठवीपर्यंत, सुटलेली. मग पेटी. आता प्रत्येक प्रॉम्प्टची, प्रत्येक ईमेलची पहिली ओळ तीच राहणार. वगळायचं असेल तर ती वाचून वगळा. बाईंचं उत्तर अजून नाही. हे लिहितोय तेव्हाही गाडी समोर उभी आहे. भीती वाटते. सही करणार नाही.

बाजी, ताडपत्रीचं ऋण शिवून फिटत नाही. कंपनी नोंदवीन त्या दिवशी भागीदार म्हणून पहिलं नाव तुमचं असेल, पूर्ण, आडनावासकट. मला हाकललं, तर जिथं जाईन तिथून नोंदवीन.