दुसऱ्या गावाला थांबणारा बेंजो

आपली चूक लपवणारी माणसं मी ढिगानं पाहिली आहेत, आणि आमच्या ऑफिसात तर चूक दुसऱ्याच्या टेबलावर सरकवण्यात काही जणांची अख्खी नोकरी गेली. पण एक चूक झाली म्हणून सगळं गाणं रद्द करून पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू करणारा माणूस मला जन्मात एकच भेटला, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. माझ्या बायकोचे हे सख्खे मामा. वाशीमला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती आणि अर्ध्या जिल्ह्यातल्या कारकुनांची बोटं त्यांनीच वळवली. तहसीलमध्ये जा, कोर्टात जा, पाठ ताठ ठेवून आणि बोटांकडे ढुंकूनही न पाहता टाइप करणारा कुणी दिसला की समजावं, हा मामाजींच्या हातचा. पुढे कॉम्प्युटर आले, मशिनी भंगारात गेल्या, एकच उरली आणि तिच्यावर मामी उन्हाळ्यात कुरडयांचं ताट ठेवू लागल्या. मामाजींची बोटं मात्र रिकामी बसणाऱ्यातली नव्हती. ती बेंजोवर गेली.

बेंजो म्हणजे आपला बुलबुल तरंग. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर तारा आणि तारांवर ओळीनं बसवलेली गोल बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीनं तार छेडायची. मामाजींकडे आलेला बेंजो मामींच्या वडिलांचा. ते मानोऱ्याकडच्या एका खेड्यात गायन पार्टी चालवायचे. भीमजयंतीला, लग्नाला, नामकरणाला त्यांच्याशिवाय मंडप उभा राहत नसे. ते गेल्यावर मामींच्या भावांपैकी कुणालाच त्यात रस नव्हता, म्हणून तो डबा गोधडीत गुंडाळून मामींबरोबर एसटीनं वाशीमला आला. मामाजींनी गोधडी सोडली, बटणांची रांग पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. “अवो, हे तं मशीनच हाय!” ते मामींना म्हणाले, “फक्त कागद लागत नाई.” आमच्या सगळ्यांच्या हालअपेष्टांना इथून सुरुवात झाली.

कारण बेंजो हे मशीन आहे म्हटल्यावर तो शिकवण्याची पद्धतही ओघानं तीच. सरकारी टायपिंगला जशी मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा, मग चाळीसची, तशी मामाजींनी बेंजोलाही लावून दिली. ‘तीस’ला विद्यार्थ्यानं फक्त बटणं दाबायची, तारेला हात लावायचा नाही. म्हणजे आवाजच नाही. खोलीत दोन मोठी माणसं समोरासमोर बसून एका मुक्या पेटीवर टकटक करत आहेत, हे दृश्य पाहून एकदा दूधवाला दाराशीच थबकला होता. ‘चाळीस’ला तार छेडायची परवानगी, पण बटणांवर टॉवेल. बोटं दिसता कामा नयेत. ‘पन्नास’ला टॉवेल निघायचा आणि गाणं यायचं, असं मामाजी सांगत. हे सगळं ऐकीव, कारण पन्नासला कुणी पोचल्याचं मला आठवत नाही. एक कंपाउंडर चाळीसपर्यंत गेला होता, पण त्याची अकोल्याला बदली झाली. मामाजी त्याला ‘बदली झाली’ म्हणत नाहीत, ‘पयाला’ म्हणतात, म्हणजे पळाला. शेजारची एक मुलगी कधीमधी येऊन टॉवेल न टाकता, मनाला येईल तशी चुकत, हसत, मजेत वाजवून जायची. तिच्याबद्दल मामाजींचा निकाल पक्का होता. “नापास,” ते म्हणाले, आणि ती गेल्यावर हळूच, “पन वाजवते चांगलं.”

मी जावई, म्हणजे नकार द्यायची सोय नसलेला विद्यार्थी. माझ्या मुदत संपलेल्या एटीएम कार्डातून मामाजींनी स्वतः कातरून मला नखी करून दिली, आणि ती वापरायची वेळ आजतागायत आली नाही, कारण मी तीसमध्येच मुक्कामाला आहे. माझी नजर सारखी बोटांकडे जाते. “जवाईबापू,” मामाजी म्हणतात, “बोटं काहून पाहून राह्यले? ते कुठं पयून नाई चालले.” बायकोला वाटतं मी दर रविवारी मामांकडे त्यांची तब्येत पाहायला जातो. खरं म्हणजे मी मामींच्या हातच्या झुणक्यासाठी जातो आणि तासभर मुकी बटणं दाबून त्याची परतफेड करतो.

मामाजींच्या अंगात टायपिंग इतकं मुरलेलं की ते जेवायला बसले तरी ताटात डावीकडे थोडी जागा कोरी सोडतात. मार्जिन. भाकरी डावीकडून उजवीकडे खात जातात आणि कडेला पोचले की हात झटकन परत डावीकडे. मशिनीला ओळ संपत आली की घंटी वाजायची, ती त्यांना बेंजोवर फार चुकल्यासारखी वाटायची, तर सायकलची जुनी घंटी आणून त्यांनी पेटीच्या कडेला स्क्रूनं बसवली. गाण्याची ओळ संपली की अंगठ्यानं ‘टिंग’. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं दारात पोस्टमन आला.

पण या सगळ्यापेक्षा वरचा नियम म्हणजे चुकीचा. टायपिंगच्या परीक्षेत रबर चालत नाही. इन्स्टिट्यूटमध्ये मामाजींचा दंडक होता, चूक झाली की कागद काढायचा, नवा लावायचा, पहिल्या अक्षरापासून सुरू. तोच दंडक बेंजोला. एक बटण चुकलं की मामाजी थांबणार, डोळे मिटणार, ‘टिंग’ करणार आणि म्हणणार, “परत.” त्यामुळे त्यांच्या अख्ख्या गल्लीला झाडून सगळ्या गाण्यांच्या पहिल्या दोन ओळी पाठ आहेत आणि तिसरी कुणालाच माहीत नाही. गल्लीतल्या पोरांनी शाळेच्या गॅदरिंगमध्ये एक गाणं बसवलं, ते दोन ओळी गोड गायले आणि मग सगळे एकसुरात “परत!” म्हणून पुन्हा सुरुवातीला गेले. बाईंनी कपाळावर हात मारला. मामाजी पहिल्या रांगेत होते. ते गंभीरपणे म्हणाले, “पोरं शिस्तीत हायेत.”

या नियमात सगळ्यात जास्त भरडलं गेलं ते मामींच्या वडिलांचं गाणं. ते त्यांनी स्वतः जुळवलं होतं, मामींच्या लग्नात, मामी निघाल्या त्या वेळी, याच बेंजोवर वाजवत म्हटलं होतं. त्यानंतर त्यांनी ते कुठं म्हटलं नाही. मामींच्या मनात तेवढं राहिलं, त्यांनीच मामाजींना चाल गुणगुणून दिली. फार मोठं नाही, चारच ओळींचं आहे:

पयलं गाव लागन माये, घोटभर पानी पे
दुसरं गाव लागन माये, झाडाखाली बस
तिसऱ्या गावी माये, मांगं वयून पाहू नोको
शेवटलं गाव तुयंच माये, आमाले पाव्हनं म्हन

मामाजींचा बेंजो वर्षानुवर्षं दुसऱ्या गावाला बंद पडत आला. झाडाखाली बसायच्या जागी एक लांब उडी आहे, खालच्या बटणावरून एकदम वरच्या, आणि तिथं बोट हमखास घसरायचं. टिंग. परत. मामी स्वयंपाकघरातून ओरडायच्या, “अवो, माह्या बापाची एसटी पंक्चर झाली का पुन्हा?” त्या हसून म्हणायच्या, पण लग्नानंतर त्यांनी आपल्या बापाचं गाणं एकदाही शेवटापर्यंत ऐकलेलं नव्हतं. तुम्हीच का म्हणत नाही, असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, “गळा माह्या बापाले होता, जवाईबापू. मले कुठं?” आणि मामाजींची मुलगी सुजाता, नर्सिंग शिकून इथल्याच दवाखान्यात लागलेली, तिला तर त्या गाण्याला पुढच्या ओळी आहेत हेच मोठी झाल्यावर कळलं. तिचं लग्न ठरलं, मुलगा चंद्रपूरकडे खाणीत नोकरीला, तेव्हा साडी कुठली, हॉल कुठला यात ती काही बोलली नाही. एकच म्हणाली, “बाबा, मी निघीन तवा आजाचं गानं वाजवा. पुरं वाजवा.”

मग काय विचारता! घरात लग्नाची गडबड आणि मामाजी बेंजोवर. पत्रिका वाटायला गेले तरी स्कूटरच्या हँडलवर बोटं चालूच. मंडपवाला आला, स्वयंपाकी आला, सगळ्यांना आधी दुसरं गाव ऐकावं लागे. एकदा मी म्हटलं, “मामाजी, एखादी चूक राहिली तर काय होतं? लग्नात कोण मोजतं?” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी तीसमधूनही खाली घसरलो असेन. “लेकीचं हाय ते, बापू,” ते म्हणाले. “तिच्या कागदावर खाडाखोड नाई पायजे मले.” मी निमूट मुकी बटणं दाबत बसलो.

लग्न शेलूबाजारला लागलं, हायवेवरच्या हॉलमध्ये. भन्तेजींनी त्रिशरण पंचशील दिलं, हार घातले गेले, जेवणं झाली, आणि दुपार कलली तशी नवरदेवाकडची मंडळी घाई करू लागली. त्यांचे एक काका हातातलं घड्याळ सारखं दाखवत होते, “आमाले चंद्रपूर गाठाचं हाय, भाऊ.” जीप दारात लागली. मामाजींनी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या समोरासमोर ठेवल्या, एकीवर बेंजो, एकीवर स्वतः, पाठ ताठ. सुजाता पांढऱ्या साडीत समोर उभी. मामी जरा मागं, वाटेत खायला बांधलेल्या डब्याची पिशवी पोटाशी धरून.

पहिल्यांदा सुरू केलं. पहिलं गाव छान गेलं, टिंग, दुसऱ्या गावाला नेहमीच्या जागी बोट घसरलं. “परत.” मामाजींच्या गल्लीतली माणसं गालात हसली, पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. दुसऱ्यांदा दुसरं गाव पार झालं! मी जागच्या जागी मूठ आवळली. तिसऱ्या गावाच्या शेवटी एक बटण चुकलं. “परत.” काकांनी जीपच्या ड्रायव्हरला खूण केली, त्यानं हॉर्न दिला. तिसऱ्यांदा मामाजींनी सुरू केलं, आणि काय सांगू, पहिलं गाव गेलं, दुसरं गेलं, उडी नेमकी वरच्या बटणावर पडली, तिसरं गाव गेलं, प्रत्येक बटण जागच्या जागी. टिंग. आता एकच ओळ. आणि मामाजी थांबले, डोळे मिटले, म्हणाले, “परत.”

मी तीसमध्ये कुजलेला विद्यार्थी असलो तरी कान काही बहिरे नव्हते. चूक झाली नव्हती. कुठंच झाली नव्हती. मी सुजाताकडे पाहिलं, तिच्याही ते ध्यानात आलं होतं. ती पुढं आली आणि बापाच्या खुर्चीपाशी वाकून म्हणाली, “बाबा, नाई चुकलं ना ते.”

“चुकलं,” मामाजी डोळे न उघडता म्हणाले. “तुले नाई समजत.”

हॉर्न पुन्हा वाजला. आणि तेवढ्यात मागून आवाज आला, जाडाभरडा, थोडा कापरा, “शेवटलं गाव तुयंच माये...” मामी. गळा नाही म्हणणाऱ्या मामी, डब्याची पिशवी तशीच पोटाशी धरून गात होत्या, आणि थांबायला तयार नव्हत्या. ओळ संपली तर त्यांनी पुन्हा पहिल्या गावापासून धरली. मामाजींनी आयुष्यभर लोकांना डिक्टेशन दिलं. डिक्टेशन देणारा थांबत नाही, टाइप करणाऱ्यानं मागं राहायचं नसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांचा हात आपोआप चालू लागला. बोटं घसरत होती, भलतीच बटणं दाबली जात होती, डोळ्यांत पाणी असल्यामुळे टॉवेल टाकल्यासारखंच होतं, घंटी तर ते विसरूनच गेले. पण ते थांबले नाहीत. चारही गावं झाली. शेवटल्या ओळीला सुजातानं दोघांना मिठी मारली आणि मी उगाच हॉलच्या पंख्याकडे पाहत राहिलो.

जीप गेल्यावरही मामाजी खुर्चीवरच होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, “लय चुका झाल्या, जवाईबापू.”

“झाल्या, मामाजी.”

“पास तं नाई करता येत.”

“नाही येत.”

त्यांनी रुमाल काढून खाकरत नाक पुसलं आणि बेंजो गोधडीत गुंडाळायला मला एक टोक धरायला लावलं.

आता रविवारी मी जातो तेव्हा झुणका तसाच असतो, मी तीसमध्ये तसाच असतो, पण संध्याकाळी सुजाताचा फोन येतो. मामी फोन स्पीकरवर टाकून बेंजोशेजारी ठेवतात आणि मामाजी आजाचं गाणं वाजवतात. हल्ली बोट घसरलं तर ते डोळे मिटत नाहीत, “परत” म्हणत नाहीत, तसेच पुढं जातात. पहिलं गाव, दुसरं गाव, तिसरं गाव. आणि शेवटच्या ओळीपाशी येऊन नखी खाली ठेवतात. मला पहिल्यांदा वाटलं, जुनी खोड. मामींनाही तसंच वाटतं, त्या आतून म्हणतात, “चुकत असन, म्हनून राह्यलं असन.” पण मला ते तसं वाटत नाही. ‘आमाले पाव्हनं म्हन’ हे तेवढं त्यांच्या बोटांतून निघत नाही, इतकंच.

“बाबा, पुढचं?” फोनमधून सुजाता विचारते.

“पुढचं तू आली म्हंजे.”

“जयंतीले येतो ना मी.”

“ये मंग,” मामाजी म्हणतात आणि बटणांवर टॉवेल टाकतात. “ते शेवटली ओळ कुठं पयून नाई चालली.”