चिलखत घातलेलं विरजण

मी जिवाणूंना चिलखत घालते. पोटाला हितकारक जिवाणू जठरातल्या आम्लात मरून जातात, म्हणून चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या आमच्या लॅबमध्ये आम्ही त्यांच्याभोवती बारीक कवच चढवतो. ते उघडतं थेट आतड्यात गेल्यावर. घरी माझ्या या कामाबद्दल फार आदर आहे. (सासूबाई शेजारणींना सांगतात, "सून गोळ्या करती.")

त्या रविवारी नणंदेच्या सासरची मंडळी तंजावरहून पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला यायची होती. आणि सकाळी उठून बघते तर दह्याचं भांडं चाटूनपुसून लख्ख! (माझा नवरा माधव खिडकीबाहेर बघू लागला.)

"अय्यो, विरजणापुरतंही नाही गे!" सासूबाई हादरल्या. "व्याह्यांना दहीभाताशिवाय पानावरून उठवायचं? जा, खालच्या मजल्यावरच्या मामीकडून वाटीभर घेऊन ये."

एवढी शिकलेली मी विरजण मागत फिरू?

"आई, माझ्याकडे लॅबमधले मणी आहेत. खायचेच असतात. एकेका मण्यात कोट्यवधी जिवाणू! सुरीने कापावं लागेल असं दही लागेल!"

"ही तर जव्वरिशी," सासूबाई म्हणाल्या. इकडे साबुदाण्याला जव्वरिशी म्हणतात. मी दयार्द्र हसले आणि पातेलंभर कोमट दुधात मूठभर मणी सोडले.

चेन्नईच्या उकाड्यात दुपारपर्यंत दही लागतंच. दुपारी सगळ्यांना बोलावून मी झाकण उचललं. दूध! तळाशी मणी निवांत पहुडलेले.

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "आई... ते आतड्याशिवाय उघडत नाहीत."

"मग आता पातेल्याला आतडं कुठून आणायचं?" माधवने विचारलं.

"इतकं जपलंस गे, की पोरं कामालाच बाहेर पडेनात!" सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात खालून व्याह्यांच्या गाडीचा हॉर्न! सासूबाईंनी माधवला जिन्याने पिटाळलं, पाकिटाचं दही आणायला! (आमच्या घरात पाकिटाचं दही म्हणजे कुळाला बट्टा.) मग त्यांनी दूध चाखलं, गॅसवर चढवलं आणि त्यात साखर, वेलची, तुपात तळलेले काजू लोटले.

"आई, त्यात माझे जिवाणू आहेत!"

"आता पायसम आहे. तू ताटं मांड."

व्याही सुंदरराव पायसमावर खूश. "जव्वरिशी जरा वातड लागते, पण चव काय आहे! वाढा अजून!" ते चावत होते आणि मी प्रत्येक घासाला देवाचं नाव घेत होते. शेवटी माधवने आणलेलं दही भातावर वाढत सासूबाई म्हणाल्या, "हे आमच्या सुनेने लावलंय!"

दुसऱ्या दिवशी नणंदेचा फोन आला.

"वहिनी, मामंजींचं पोट कित्येक वर्षांनी साफ झालं! ते पायसम अमृत होतं म्हणतायत!"

माझं काम! माझे जिवाणू! ओरडून सांगावंसं वाटलं. पण उकळत्या दुधात त्यातला एकही जगला नसणार, हे घरात फक्त मलाच ठाऊक होतं. शिवाय श्रेय घ्यायचं तर व्याह्यांना लॅबचं सॅम्पल खाऊ घातल्याचं कबूल करायला हवं. "आईंच्या हाताचीच करामत," मी म्हणाले.

"आणि वहिनी, राग मानू नकोस," नणंद चाचरत म्हणाली. "मामंजी म्हणाले, पुढच्या वेळी सगळं विहीणबाईंनीच करावं. सुनेने लावलेल्या दह्याला पाकिटाचा वास येत होता."