शहाणी इमारत आणि कुंडलची गल्ली

स्वारगेटहून सकाळची सातारा गाडी पकडली तेव्हा माझ्या पिशवीत साताऱ्याच्या गिऱ्हाइकाला दाखवायचे नकाशे होते आणि सांगलीहून पुण्याला परतायची रेल्वेची दोन तिकिटं. दुसरं तिकीट अक्काचं. अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली आणि अक्कानंच मला वाढवलं. आता ती कुंडलला एकटी असते आणि मी पुण्यात एकटा. दाजी फौजेतून पेन्शनीत आले आणि फार दिवस काही राहिले नाहीत; माझं लग्न आधी जमलं नाही, पुढे मी जमवलं नाही. मागच्या थंडीत अक्का माझ्याकडे राहायला आली होती. कायमचीच आली असं मी धरून चाललो होतो. महिनाभरात ती ‘जरा गावाकडं बघून येते’ म्हणाली आणि परत आलीच नाही. ह्या खेपेला तिला घेऊनच यायचं, असं ठरवून मी निघालो.

माझा धंदा तुम्हाला सांगायला हवा, कारण तो कळायला जरा वेळ लागतो. आम्ही इमारती शहाण्या करतो. म्हणजे दिवे, पंखे, पाण्याच्या टाक्या, लिफ्ट, दरवाजे, सगळं तारांनी एका संगणकाला जोडतो आणि मग माणसानं काही करायचं उरत नाही. आमचे साहेब म्हणतात, आज एकेक इमारत शहाणी होईल, उद्या त्या एकमेकींशी बोलतील आणि परवा अख्खं शहर शहाणं होईल. पुण्यात आम्ही अशी पहिली इमारत केली आणि मी तिथंच एक घर घेतलं. माझ्या घरात दिव्यांना बटणंच नाहीत.

खंबाटकी उतरल्यावर सुरूरच्या फाट्यावर वाईची मंडळी उतरली, गाडी निम्मी रिकामी झाली आणि मला खिडकी मिळाली. दोन्ही बाजूंना तुऱ्यावर आलेला ऊस होता. अजिंक्यताऱ्याचं सपाट डोकं दिसायला लागलं तसा मी नकाशे मांडीवर घेतले आणि तोंडातल्या तोंडात भाषण घोकू लागलो.

साताऱ्याला एका पतसंस्थेची नवी इमारत व्हायची होती. संचालक मंडळी चहाबरोबर भजी खात माझं ऐकत होती. मी सांगितलं, खोलीत दारावर एक यंत्राचा डोळा असतो. माणूस हलला की दिवा लागतो. बराच वेळ काहीच हललं नाही, तर खोली रिकामी आहे असं समजून डोळा दिवा विझवतो.

चेअरमन धोतर-टोपीतले, जाड भिंगाचा चष्मा लावलेले गृहस्थ होते. त्यांनी भजं खाली ठेवलं.

“म्हंजे आमची मीटिंग अंधारातच व्हायची,” ते म्हणाले. “आमच्यात हलतंय कोण?”

सगळे हसले, मीही हसलो. कळवतो म्हणाले. कळवतो म्हणजे काय ते मला इतक्या वर्षांत पाठ झालं आहे.

साताऱ्याहून मी विट्याची गाडी धरली आणि रहिमतपुरात शिरताशिरता तिचं चाक बसलं. कंडक्टरनं खाली उतरून चाकाला एक लाथ घातली आणि ‘आता पॅसेंजर गाठा’ असा सल्ला दिला. रहिमतपूर हे खरं तर आमचं माहेर. माझंही आणि अक्काचंही. पण तिथं आमचं आता काही नाही, म्हणून मी एरवी उतरत नाही. स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा मागितला. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“कुठलं म्हनायचं तुमी?”

मी पुणे म्हणालो, मग राहवलं नाही म्हणून वडिलांचं नाव सांगितलं.

“आगा, म्हंजी तू अक्काचा बाबू व्हय? कडंवर घिऊन हिंडायची तुला. तिचा पदर सोडत न्हवतास तू.”

गावानं मला अक्काच्या नावानं ओळखलं ह्याचं वाईट वाटायचं काहीच कारण नव्हतं. तरी स्टेशनपर्यंत तेच मनात घोळत राहिलं. माझ्या इमारतीत मला नावानं ओळखणारा एक पहारेकरी आहे, तोही कार्डावरचं नाव वाचून.

पॅसेंजर आपल्या मर्जीनं थांबत निघाली. कराडनंतर ऊन उतरलं. रुळांच्या कडेनं उसाच्या बैलगाड्या रांगेनं साखर कारखान्याकडे चालल्या होत्या. डब्यात एका बाईनं स्वतःच्या फडक्यातली भाकरी आणि खर्डा (तव्यावर ठेचलेली मिरची) न विचारता माझ्या हातावर ठेवला. डोळ्यांतून पाणी आलं, पण हात पुढेच राहिला. जवळच्या स्टेशनवर उतरून वडापच्या जीपमध्ये (माणसं भरली की निघणाऱ्या) अर्धा बाहेर लोंबकळत मी दिवस मावळता कुंडलला पोचलो.

अक्का कट्ट्यावर (दारापुढच्या दगडी ओट्यावर) तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली.

“वाळलास लय,” ती म्हणाली. ती दर वेळी हेच म्हणते. वजन वाढलेलं असलं तरी.

रात्रीच्या जेवणाआधी तिनं माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) दिलं. वाटीतून वाफ येत होती. आता विषय काढावा म्हणून मी तिकिटं खिशातून काढतोय, तोच लाईट गेली.

मी उठायला लागलो. अक्का हललीसुद्धा नाही. गल्लीच्या वरच्या तोंडाकडून एका बाईचा आवाज आला, “हाय का?” पलीकडच्या दारातून उत्तर आलं, “हाय.” मग त्या दारानं पुढच्या दाराला विचारलं. असा आवाज एकेक उंबरा ओलांडत खाली येऊ लागला. कुठं म्हातारा खोकून ‘हाय’ म्हणाला, कुठं पोरं एकदमच ओरडली. शेवटी शेजारच्या हौसावहिनी भिंतीपलीकडून म्हणाल्या, “अक्का, हाय का?”

“हाय. बाबू बी हाय,” अक्कानं सांगितलं आणि मान वळवून पुढच्या दाराला हाक दिली, “तात्या, हाय का?”

तात्या होते. आवाज गल्लीच्या टोकाला जाऊन थांबला. लहानपणी आमच्याकडेही असं करत असत, हे मी पार विसरलो होतो. कोण पडलंय, कोण आजारी आहे, कोण अजून रानातून आलं नाही, हे लाईट गेली की गल्लीला कळायचं. आमच्या साहेबांना हे सांगितलं तर ते विचारतील, तारा कुठून नेल्यात.

अंधारात बोलणं सोपं जातं. मी म्हटलं, “अक्का, परवाची तिकिटं काढलीत. तुझंही.”

तिनं अंधारातच चाचपून माडग्याची वाटी माझ्या हातात दिली. मग म्हणाली, “यीन की. पर तुज्या पुन्यात बी लाईट लय जाती, न्हवं?”

“पुण्यात? अगं, आमच्या इमारतीत लाईट कधीच जात नाही. जनरेटर आहे.”

“जात कशी न्हाई? रोज दिवस बुडाला की जायाची. कवा मधीच यायची, परत जायाची. परक्या घरात अंधारात कशाला धडपडायचं, म्हनून मी आपली माळ घिऊन बसायची. तू दार उघडलंस की लगीच यायची बघ.” तिच्या आवाजात कौतुक होतं. “हौसालाबी सांगितलं मी, माजा बाबू घरात आला की लाईट येती.”

माडग्याची वाटी माझ्या हातात तशीच राहिली. माझ्या घरातही तो डोळा दारावर बसवलेला. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेली एक बारीक बाई आणि माळेचे मणी सरकवणारं तिचं एक बोट, एवढं त्याला दिसत नव्हतं. खोली रिकामी आहे असं समजून तो दिवा विझवत होता. महिनाभर रोज संध्याकाळी मी हौसेनं घेतलेलं घर माझ्या बहिणीला ‘कुणी नाही’ असं ठरवत होतं, आणि कामावरून मी आल्यावर ती उजेडात हसत बसलेली असायची.

“अगं, मग मला सांगायचं ना.”

“काय सांगायचं? लाईट जाती तशी येती.” मग ती म्हणाली, “अंधाराचं काय न्हाई रं. पर तितं कुनी हाय का म्हनून इचारत न्हवतं. मी पैल्या दिवशी भितीला तोंड लावून हाक बी दिली. पलीकडं मानसं हुती, भांडी वाजत हुती. कुनी वो दिली न्हाई.”

मला रडू आलं आणि अंधार होता हे बरं झालं.

परवाच्या दिवशी ती सांगलीपर्यंत आली, पिशवी घेऊनच. मी म्हटलं असतं तर ती गाडीत बसलीही असती. माझ्यासाठी तिनं आजवर काय केलं नाही? आम्ही गणपतीचं दर्शन घेतलं, कृष्णेच्या घाटावर पाय सोडून बसलो. मी म्हणालो, बटणं बसवून घेतो. ती म्हणाली, बसव, तुला बी बरं पडंल. पाणी संथ होतं. पलीकडून एक नाव येत होती आणि तिची वाट पाहणारी माणसं घाटावर तिला हाका मारत होती.

“अक्का, तू राहा,” मी म्हणालो. हे शब्द तोंडातून काढताना ती यावी असं मला जितकं वाटलं, तितकं पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पिशवीतून भडंगाची (मसाल्याच्या कुरमुऱ्यांची) पुडी काढून माझ्या पिशवीत घातली. “मग तू येत जा,” ती म्हणाली. “लाईट येती तू आलास की.”

गाडीत शेजारची जागा मिरजेहून आलेल्या एका गृहस्थांनी साताऱ्यापर्यंत वापरली, पुढे ती रिकामी राहिली. पुण्यात उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. इमारतीनं कार्ड पाहून फाटक उघडलं, लिफ्ट आपणहून खाली आली. घराचं दार ढकललं आणि दिवा लागला.

मी भडंगाची पुडी टेबलावर ठेवली आणि कोपऱ्यातल्या त्या खुर्चीत जाऊन बसलो. हललो नाही. काही वेळानं दिवा विझला. भिंतीपलीकडं भांडी वाजत होती, कुणीतरी हसलं. आम्ही ह्या घराला इतक्या तारा जोडल्या आहेत की नकाशात त्या मावत नाहीत.

मी हळूच म्हणालो, “हाय.”

कुणी विचारलं नव्हतं.