उजवीकडे न वळणारा ट्रक

रिमोटवर चालणारा ट्रक म्हटलं की लोकांना हातात मावणारं खेळणं वाटतं. आमचा ट्रक शिलाई मशीनच्या टेबलाएवढा लांब आहे आणि उचलायला गेलं तर भरलेली कळशी बरी. मुलीने तो वडिलांना पाठवला तेव्हा मी चांगलीच फणकारले होते. बसच्या डेपोत तीस वर्षं गाड्यांखाली पडून दुरुस्त्या करणाऱ्या माणसाला म्हातारपणी पुन्हा गाडीच, याला काय म्हणावं!

पण त्यामागे कारण होतं. उन्हाळ्यात यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. चालणं-बोलणं सुधारलं, उजव्या हाताची बोटं मात्र बधिर राहिली. चहा गरम आहे की गार, हे यांना डाव्या हाताला विचारावं लागे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, रोज काहीतरी फिरवत राहा. या ट्रकचा रिमोट पिस्तुलासारखा असतो. डाव्या हातात धरून बोटाने वेग द्यायचा आणि बाजूचं छोटं चाक उजव्या हाताने फिरवायचं. चाक जिकडे, गाडी तिकडे. हे रोज संध्याकाळी सावेडीतल्या आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटवर ट्रक फिरवू लागले आणि मी कट्ट्यावर बसून मेथी निवडू लागले. महिन्याभरात शर्टाची बटणं स्वतः लावायला लागले, तशी मीही त्या ट्रकला नावं ठेवायची बंद केली.

खंडेनवमीला मी शिलाई मशीन, स्कूटर, विळी, यांचे पाने-पक्कड सगळं पुसून पुजलं. ट्रकलाही हळदकुंकू लावलं आणि झेंडूची माळ घातली. चाकाखाली लिंबू ठेवलं आणि यांनी माळेसकट ट्रक त्याच्यावरून नेला. लिंबू चिरडलं, आम्ही दोघं लहान मुलांसारखे हसलो. माळेचं एक टोक चाकात गेलं होतं, ते मी कात्रीने कापून टाकलं.

दसरा झाला, आणि दुसऱ्या दिवशी ट्रक डावीकडे गर्रकन वळला, उजवीकडे मात्र अर्धाच. यांनी पुन्हा चाक फिरवलं. पुन्हा अर्धाच.

"बॅटरी उतरली आसंल," हे म्हणाले. मिरजगावकडचं बोलणं यांनी शहरात येऊनही सोडलं नाही.

बॅटरी चार्ज केली, तरी तेच. मग रिमोटवरचं गाडी सरळ धरायचं बटण थोडं उजवीकडे सरकवलं, तर सरळ जाणारी गाडीही तिरपी चालायला लागली. पुढच्या दोन्ही टायरांवरून हात फिरवून पाहिला. तिथेच थांबले. म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता. लई दिवस झालं खेळून."

गाडी बिघडली की हा माणूस जेवणाच्या ताटावरून उठून पाना शोधणार, ही माझी चाळीस वर्षांची तक्रार. यांनी पाना घेतलाच नाही. म्हणजे यांच्या मते बिघाड गाडीत नव्हता, हातात होता. बोटांना काही कळत नव्हतं, मग रिमोटचं चाक पूर्ण फिरलं की नाही हे कळणार कसं? खाली हाताकडे बघितलं असतं तर दिसलं असतं, पण तेवढं धाडस झालं नसावं. आणि मला तरी कुठे झालं? मीही मेथीच्या जुडीत तोंड घालून बसले.

पुढचे दोन दिवस ट्रक कॉटखाली. शर्टाची बटणं मला लावायला सांगितली. मी मुकाट्याने लावली आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मीच ट्रक फरफटत बाहेर काढला. घमेलं पालथं घालून, पुढची चाकं अधांतरी राहतील असा त्यावर टेकवला.

"द्या तो रिमोट इकडं."

"तुला न्हाई जमायचं."

"बिघडलेलाच आहे, आणखी काय बिघडवणार?"

यांनी रिमोट दिला आणि तोंड भिंतीकडे केलं. माझ्याकडून चाकं पूर्ण वळली, तर यांना काय सांगायचं, हे मी ठरवलंच नव्हतं. डावीकडे फिरवलं, चाकं पूर्ण वळली. उजवीकडे अगदी अडेपर्यंत फिरवलं. चाकं अर्ध्यावर थांबली! पुन्हा फिरवलं. पुन्हा अर्ध्यावर.

"अहो," मी म्हटलं, "माझ्याही अंगावरून वारं गेलं वाटतं."

हे असे झटकन वळले की मीच घाबरले. "पाना आन," म्हणाले. "आन् बॅटरी." ही बॅटरी म्हणजे यांच्या भाषेत टॉर्च.

गाडी बंद केली, चाक हाताने ढकलून पाहिलं, तरी तिथेच अडत होतं. उजवं चाक उतरवल्यावर आत, ज्या सांध्यावर ते वळतं तिथे, काळा गोळा घट्ट बसलेला. चिमट्याने ओढला तशी माळेची दोरी निघू लागली, अधूनमधून झेंडूच्या पाकळ्या. साधा दोरा तुटतो म्हणून मी माळ नायलॉनमध्ये ओवली होती. वरची लोंबती माळ कापली, आत गुंडाळलेली तशीच राहिली. म्हणजे यांच्या हाताला तीन दिवस जन्मठेप देणारी मीच.

"पूजा लई घट्ट बांधलीस गं," हे म्हणाले आणि डोळे पुसले. मग खालच्या आवाजात, "मला वाटलं, हात गेला. तुला कसं सांगू?"

"मला माहीत होतं," मी म्हटलं. "मलाही सांगता येईना."

चाक परत बसवलं आणि प्लॉटवर नेऊन यांनी मला मधोमध उभं केलं. ट्रक माझ्याभोवती उजवीकडे वळत वळत फिरला. देवळात आपण घालतो तशी, पूर्ण गोल प्रदक्षिणा. मग दुसरी. हे ट्रककडे बघतच नव्हते. रिमोटवरच्या आपल्या उजव्या हाताकडे बघत होते, आणि मी यांच्याकडे.