परक्या माहेरचे अक्रोड

शेवंता आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे अक्रोड फोडणं. रविवार होता, दुपारची जेवणं झाली होती. हॅनोव्हरच्या आमच्या दोन खोल्यांत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून मी हातोडीनं अक्रोड फोडत होतो आणि ती गर निवडत होती.

"अहो, हळू. कारखान्यात नाही बसलात," ती म्हणाली.

पुढचा मी मुद्दाम आणखी जोरात हाणला. त्याचा भुगा झाला. तिनं तो गोळा करून माझ्यापुढे सरकवला. "हा तुमच्या वाटणीचा."

भुगा मी खाल्ला. मग ती म्हणाली, "जरा पाठ टेकते, पाच मिनिटं." आत गेली. मी आणखी दोन फोडले आणि तिनं येऊन निवडावेत म्हणून थांबलो. ती उठलीच नाही. डॉक्टर आला, म्हणाला हृदय. बायकोवर एवढी माया होती म्हणतो मी, आणि तिचं हृदय दुखत होतं की नाही ते मला ठाऊक नव्हतं.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी म्हातारा झालो. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा लिहिण्यात चुका निघतील, त्या काढत बसू नका. माझ्या सासरवाडीला खरं कळलं ते फार उशिरा आणि परक्याच्या तोंडून. ते मी लिहायला हवं होतं. म्हणून आता लिहितो. मागं राहिले त्यांनी वाचावं, आणि माझ्यासारखे बाहेर पडून तिकडंच चिकटले त्यांनी तर वाचावंच.

आम्ही मिरजेकडचे. तिथल्या एका ओतशाळेत मी कामाला होतो. यंत्रं बसवायला आलेल्या एका जर्मन साहेबाच्या शब्दावर मी इकडं जर्मनीतल्या ओतशाळेत लागलो आणि दोन वर्षांनी शेवंताला न्यायला गावी गेलो. एसटी स्टँडवर सगळे पोचवायला आले होते. मेहुणा म्हणाला, "दाजी, लोखंड वितळवायला एवढ्या लांब? इथलं वितळत नाही व्हय?" सगळे हसले. मला झोंबलं. मी म्हणालो, "तिकडं मी इंजिनियर आहे."

इंजिनियर कसला? ओतून गार झालेल्या लोखंडावरची वाळू झाडायची आणि कडा घासायच्या, हे माझं काम. शेवटपर्यंत तेच केलं. पण त्या स्टँडवर मी इंजिनियर झालो आणि मग मला खाली उतरता येईना.

सासूबाईंनी तांदळानं शेवंताची ओटी भरली, एक हिरवा खण दिला आणि म्हणाल्या, "माझ्या कार्डाचा कोपरा फाटायच्या आत एकदा येऊन जा गं."

आमच्याकडची रीत अशी, की कुणी गेलं म्हणून कळवायचं तर कार्डाचा कोपरा फाडून धाडतात. वाचता न येणाऱ्यालाही कोपरा बघून कळतं. ते कार्ड उंबऱ्याच्या आत नेत नाहीत. बाहेरच वाचायचं आणि फाडून टाकायचं.

म्हणून हॅनोव्हरला टपाल आलं की शेवंता आधी कोपरे बघायची. चारी कोपऱ्यांवरून बोट फिरवायची आणि मग वाचायला घ्यायची. वाचून झालं की तोंड माझ्याकडं. मी म्हणायचो, "कोपरा शाबूत आहे ना? मग पुढच्या वर्षी जाऊ." असं दहा वर्षं म्हणालो. रजा मिळत नाही म्हणायचो. रजा होती. गावी गेल्यावर मेहुण्यानं माझे हात बघितले असते. बारीक वाळू कातडीत शिरून काळे झालेले हात. इंजिनियरचे असे नसतात. एवढ्यासाठी मी तिला आईपासून तोडून ठेवलं. दुसरं कारण नाही. शोधलं तरी सापडत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर फ्राऊ लीना, म्हणजे लीनाबाई, राहायची. एकटी, पन्नाशीची. शेवंता तिला लीनाताई म्हणायची आणि ती आल्झो, गेनाऊ, म्हणजे हो हो, बरोबर, करत तेवढ्यावर खूश व्हायची. लीनाताई जर्मन, पण जन्मली स्लोव्हाकियातल्या एका लहान गावात. तिथं तिच्यासारखी जर्मन घरं पुष्कळ होती. हिटलरची लढाई संपल्यावर त्या सगळ्यांना गाव सोडायला लावलं. एक बोचकं घेऊन ती निघाली ती निघालीच. आता सरहद्द थोडी सैल झाली होती, पण तिची जायची छाती होत नव्हती. अंगणात अक्रोडाचं झाड होतं, ते आहे का, एवढंच ती विचारत राहायची. कुणाला विचारत होती देव जाणे.

एके दिवशी शेवंता म्हणाली, "आपण जाऊन बघून येऊ."

"आपलं काय काम तिथं?"

"तिच्या माहेरी कुणीतरी जायला नको? माझ्या नेत नाही तर नाही, कुणाच्या तरी माहेरी न्या मला."

हे ती हसत म्हणाली. मीही हसलो. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

शरदातली सुट्टी काढून आम्ही व्हिएन्नाला गेलो. तिथून त्या गावाला एका दिवसाची बस जायची. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. तिकीट देणारा म्हणाला, पाऊस असो, बर्फ असो, बस जाणार आणि बस कुणासाठी थांबणार नाही. पाऊसच होता. सरहद्दीवर शिपायानं आमचे पासपोर्ट उलटेसुलटे केले, शेवंताच्या कुंकवाकडं बघितलं आणि शिक्का मारला.

गावाचं नाव मला तेव्हाही म्हणता येत नव्हतं. लीनाताई एक म्हणायची, पाटीवर भलतंच होतं. एक रुंद रस्ता, मध्ये चर्च, मागं टेकडीवर द्राक्षांच्या ओळी, सगळं पावसात भिजून काळपट झालेलं. आम्हाला चार तास दिले होते. लीनाताईनं कागदावर खूण काढून दिली होती, चर्चकडं पाठ करून सातवं घर. शेवंता लुगड्यावर माझा रेनकोट घालून चिखलातून पुढं आणि मी घड्याळ बघत मागं.

सातव्या घराचं फाटक उघडं होतं. अंगणात झाड होतं. शेवंता मोठ्यानं म्हणाली, "आहे हो!" जसं काही तिचंच.

डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी बाहेर आली. शेवंतानं तिला लीनाताईचा लहानपणचा फोटो दाखवला, याच झाडाखाली ती उभी आहे तो. म्हातारीचा चेहरा उतरला. तिनं दाराच्या चौकटीला दोन्ही हात लावले आणि मान हलवायला लागली, "नी, नी." मला कळलं. तिला वाटलं घर मागायला आलेत.

मी म्हणालो, "चल, उगाच भानगड होईल."

शेवंता मराठीतच तिला म्हणाली, "अहो बाई, घर नको आम्हाला. लीनाताईच्या माहेरी रिकाम्या हातानं कसं यायचं, एवढंच." पिशवीतून तिनं कुंकवाचा करंडा काढला, मूठभर तांदूळ काढले आणि तो हिरवा खण काढला. आईनं दिलेला. दहा वर्षं शिवला नव्हता. आईकडं जाताना घालीन म्हणायची. म्हातारीला कुंकू लावलं, तिच्या एप्रनमध्ये तांदूळ आणि खण घातला.

"खण कशाला दिलास?" मी विचारलं.

"ठेवून काय करू?"

म्हातारी किती तरी वेळ एप्रन धरून उभी राहिली. मग आत गेली आणि अक्रोडांची टोपली घेऊन आली. शेवंतानं पदर पसरला. म्हातारी दोन्ही हातांनी त्यात अक्रोड घालत होती आणि शेवंता रडत होती. पाऊस पडतच होता. मी काय केलं? मी म्हणालो, "आटप, बस सुटेल."

बस सुटायला दोन तास होते.

चौकातल्या दुकानातून तिनं त्या चर्चचं चित्र असलेली दोन कार्डं घेतली. एक लीनाताईला, एक आईला. आईचं तिनं परतीच्या बसमध्ये मांडीवर धरून लिहिलं. पोस्ट बंद होतं म्हणून हॅनोव्हरहून टाकू म्हणाली. मी बाहेर बघत विचारलं, "काय लिहिलंस?"

"तुम्ही म्हणता तेच. पुढच्या वर्षी येतो."

"नक्की जाऊ."

तिनं कार्ड पिशवीत ठेवलं. एरवी टोमणा तरी मारायची.

घरी आल्यावर लीनाताईनं निम्मे अक्रोड घेतले आणि वर गेली. निम्मे आम्हाला ठेवले. तेच आम्ही त्या रविवारी फोडत होतो. त्या गावाहून येऊन तीन आठवडे झाले होते.

ती रविवारची रात्र कशी गेली ते लिहीत नाही. लीनाताई बसून होती.

सोमवारी सकाळी ती म्हणाली, शेवंताच्या घरी कळवायला हवं. मी कागद घेऊन बसलो. दहा वर्षांत गावी एकही पत्र मी लिहिलं नव्हतं. सगळी शेवंतानं लिहिली, माझी इंजिनियरकीसुद्धा. तीर्थरूप लिहून हात थांबला. मग घड्याळामागं ते चर्चचं कार्ड दिसलं. टाकायचं राहून गेलं होतं. पत्ता तिनं घातला होता. वर श्री. खाली, इकडील सर्व क्षेम. खाली, पुढच्या वर्षी येतो असं हे म्हणतात. तुझी शेवंता.

मी त्याचा कोपरा फाडला.

पोस्टात गेलो. खिडकीतला बाबा म्हणाला, "कार्ड फाटलंय. दुसरं घ्या, चांगलं."

"राहू द्या. आमच्यात असंच असतं."

त्यानं खांदे उडवले, तिकीट लावलं, शिक्का मारला आणि कार्ड मागच्या पिशवीत टाकलं. त्याला तो फाटका कागद. मिरजेत तोच कोपरा बघून बायामाणसं अंगणात मटकन बसणार होती. मला विचाराल तर घर म्हणजे तेवढंच. तुमचा फाटका कोपरा जिथं न वाचता कळतो ती जागा. तिथं मी तिला कधी नेलं नाही, आणि इथं आता कळणारं कुणी उरलं नाही.

पायऱ्या उतरताना ध्यानात आलं. अक्षर शेवंताचं होतं. तिच्या अक्षरातलं कार्ड आणि कोपरा फाटलेला. सासूबाई वाचून घेतील आणि म्हणतील, लेकीनं लिहिलं आणि टाकायच्या आत जावई गेला, म्हणून तिनं कोपरा फाडला. आता पोरगी परत येईल. उंबऱ्यात बसून वाट बघतील.

मागं फिरून कार्ड मागता आलं असतं. पिशवी अजून तिथंच होती. पण मग खरं लिहावं लागलं असतं, माझ्या हातानं. इंजिनियर म्हणून खपलो तसा मेलेला म्हणूनही खपेन, म्हटलं.

घरी आलो. टेबलावर वर्तमानपत्र तसंच होतं. उरलेले अक्रोड फोडले, एक एक, हळू, भुगा न करता. गर निवडून तिच्या बाजूला ठेवत गेलो.