चुरी सरांचे दहा दिवस

जूनमध्ये नववीचा नवा वर्ग मिळाला की चुरी सर आपली खुर्ची उचलून व्हरांड्यात ठेवायचे आणि विचारायचे, "आता या वर्गात राज्य कोणाचं?" पहिला आठवडा एका मुलाला राजा करायचे, दुसऱ्या आठवड्यात पाच जणांचं मंडळ, आणि तिथून पुढे वर्षभर सगळ्या वर्गाची सभा. मी तलासरीच्या त्याच शाळेत भूगोल शिकवायचे. शेजारच्या वर्गातला तो गोंगाट ऐकून माझं डोकं उठायचं.

सर समुद्रकाठच्या चिखले गावचे, मासेमारी करणाऱ्या घरातले. प्राचीन राज्यं ते अशी सांगायचे, जणू डहाणूच्या बाजारात कालच त्यांची गाठ पडली होती. "आधी भात पिकला, मग कणगी आली. कणगीला राखणदार आला. आन् एक दिवस राखणदारच बोलला, कणगी माझी हाय! झाला राजा." मग गणराज्यांच्या सभेत काड्या वाटून मतं कशी घेत, ते यायचं. शेवटी अथेन्स. तिथले लोक फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर नाव लिहून डोईजड झालेल्या माणसाला दहा वर्षं शहराबाहेर घालवत. तिथे बायकांना मत नव्हतं हे कळल्यावर मुली चिडल्या, तर सर म्हणाले, "आपण अथेन्सच्या पुढं जाऊ. इथं सगळे लिवतील."

त्यांच्या वर्गात हे खरोखर चालायचं. मडक्याऐवजी कौलाचे तुकडे आणि दहा वर्षांऐवजी दहा दिवस. ज्याचं नाव जास्त तुकड्यांवर, तो मुकाट्याने माझ्या वर्गात येऊन बसायचा.

सरांच्या शेवटच्या वर्षी सभेने एक ठराव केला होता : गंजाडकडून येणाऱ्या मुलांची बस उशिरा आली, तर त्यांना न विचारता आत घ्यायचं. पण सरांच्या निवृत्तीला थोडे दिवस राहिले होते, धडे उरले होते, आणि त्यांचा स्वभाव मुळात तापटच. त्याच बसने येणारी सुरेखा नावाची मुलगी धडा चालू असताना दारात आली तेव्हा ते ओरडले, "बाहेर उभी राहा!" ती तासभर व्हरांड्यात उभी राहिली. शनिवारी मुलांनी कौलाचे तुकडे मोजले. सगळ्यांत जास्त तुकड्यांवर सरांचं नाव होतं.

सरांच्या नोकरीचे दिवसही नेमके दहाच उरले होते. मुलांना ते माहीत नव्हतं. शाल-श्रीफळ नको म्हणून सरांनी कुणालाच सांगू दिलं नव्हतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मुलांचा खेळ आहे तो, सर. जा वर्गात."

"खेळ होता, तर मग एवढी वर्षं मी शिकवत काय होतो, बाई?"

ते गेले नाहीत. स्टाफरूममध्ये बसून वह्या तपासत राहिले. वर्गातून आवाज आला की त्यांची मान वर व्हायची. मला त्यांचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं. मुलांना काही बोलायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. शेवटच्या दुपारी मला राहवलं नाही. मी वर्गाला सांगून टाकलं.

सगळा वर्ग स्टाफरूमच्या दाराशी लोटला. पुढे सुरेखा. "सर, चला ना वर्गात. तुमाला परत बोलवायला आमी सगल्यांनी हात वर केले."

"का? मी चाललो म्हणून? का माझी चूक नव्हती म्हणून?"

नव्हती म्हण गं बाई, असं मी मनातल्या मनात तिला विनवत होते. तिने ओढणीचं टोक चुरगाळलं आणि मान वर केली.

"चूक होती, सर."

सरांचा चेहरा खुलला. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर पूर्वी पाहिला नव्हता, आणि ते दोन वर्षांपूर्वी वारले तोवर पुन्हाही पाहिला नाही. खुर्चीवरून उठून ते तिच्यासमोर उभे राहिले.

"मग ती चूक पोटात घाल, पोरी. माफी तुझ्याकडं त्याच दिवशी मागायची होती. शनिवारपर्यंत तोंड उघडलं नाय. आन् मग वर्गात यायची सोय उरली नाय."